जे दिसतं तेच काढायचं: व्यवसायाची वर्षं संपल्यावर चित्रकला शिकताना

३२ वर्षं मी पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा व्यवसाय केला. एखादं खोकं हातात घेतलं की मोजपट्टी न लावता त्याची लांबी-रुंदी सांगता यायची. मग कारभार मुलीच्या हाती सोपवला आणि वयाच्या ६१ व्या वर्षी रेखाटनाच्या वर्गात जाऊन बसले. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी टेबलावर एक साधं खोकं ठेवलं, आणि ते मला काढता येईना. पाच वेळा काढलं. पाचही वेळा त्याचं झाकण पुढे घसरून पडतंय असं दिसायचं. शिक्षक म्हणाले, "तुम्ही खोक्याकडे बघत नाही आहात. खोकं कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि तेच तुम्ही काढताय." खरंच होतं. खोक्याचा प्रत्येक कोपरा ९० अंशांचा असतो हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं, की समोरचा कोपरा त्याहून बराच पसरट दिसतोय हे मी मान्यच करत नव्हते.

व्यवसायात झटपट निकाल लावायची सवय लागते. माल आला की चांगला की खराब, गिऱ्हाईक आलं की पक्कं की कच्चं, लगेच ठरवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. चित्र काढताना हा निकाल लांबवावा लागतो. 'हा पेला आहे' असं मनात म्हटलं की डोळा बघायचं थांबतो आणि हात आठवणीतला पेला काढतो. उशिरा सुरुवात करणाऱ्यांना हाताची आणि वयाची भीती वाटते. माझ्या अनुभवात हात काही महिन्यांत वळतो, डोळ्याची ही सवय मोडायला मात्र वेळ लागतो. म्हणून खाली जे सांगते आहे त्यातला मोठा भाग बघण्याबद्दल आहे.

आधी दोन माणसांबद्दल सांगते, कारण दोघंही धंद्यातले. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ आधी पॅरिसमध्ये शेअर दलाल होते आणि सुट्टीच्या वेळात चित्रं काढायचे. १८८२ मध्ये तिथला बाजार कोसळला आणि त्यानंतर त्यांनी पूर्णवेळ चित्रकार व्हायचं ठरवलं. घरात पाच मुलं होती आणि चित्रांतून पैसा येत नव्हता. त्या ओढाताणीत संसार विस्कटला. दुसरे आल्फ्रेड वॉलिस. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर ते बोटींच्या भंगार सामानाचा व्यापार करायचे. १९२२ मध्ये पत्नी गेली आणि १९२५ च्या सुमारास, सत्तरीच्या आसपास, एकटेपणात सोबत म्हणून त्यांनी चित्रं काढायला घेतली. कागद म्हणून खोक्यांचा वेडावाकडा पुठ्ठा, रंग म्हणून बोटींना लावायचा रंग, आणि तोही मोजक्याच छटांचा. गोगँ कितीही मोठे असले तरी सुरुवात करताना वॉलिस डोळ्यांसमोर ठेवावेत असं मला वाटतं. पोटापाण्याची सोय आधीच झालेली असावी आणि चित्रांकडून कमाईची अपेक्षा नसावी.

जागा, वेळ आणि उजेड

आठवड्यातून एकदा पाच तास बसण्यापेक्षा रोज ४० मिनिटं बसणं कितीतरी चांगलं. हात आणि डोळा दोन्ही सरावाने वळतात, आणि सहा दिवसांच्या खंडात मागचं बरंच निसटतं. इतकी वर्षं तुम्ही ठरल्या वेळी कामाला बसत आला आहात, ती शिस्त इथे जशीच्या तशी वापरा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि सामान रोज आवरून कपाटात ठेवू नका. लहानसं का होईना, एक टेबल असं हवं जिथे वही उघडी आणि पेन्सिल टोक करून ठेवलेली असेल. सामान काढायला दहा मिनिटं लागत असतील तर कंटाळा त्या दहा मिनिटांतच गाठतो.

उजेडाकडे उतारवयात जास्त लक्ष द्यावं लागतं. वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं, आणि आत पोहोचणारा प्रकाश बराच कमी होतो. त्यात निळा प्रकाश अधिक अडतो, म्हणून गडद निळा आणि काळा यांतला फरक ओळखणं अवघड जातं. खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशी जागा निवडा. संध्याकाळी काम करणार असाल तर ५००० केल्विनच्या आसपासचा पांढरा दिवा घ्या आणि त्याचा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त आहे ना ते खोक्यावर बघा. पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला रंग सकाळी भलताच दिसतो.

चष्म्याचं वेगळं सांगायला हवं. वाचायच्या चष्म्यातून हाताच्या अंतरावरचं धूसर दिसतं, आणि प्रोग्रेसिव्ह (दूरचं-जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या) काचांतून कागदाचा एकेक पट्टाच स्पष्ट दिसत असल्याने मान सतत वरखाली होते. कागद डोळ्यांपासून किती अंतरावर राहतो ते मोजा (बहुतेकांच्या बाबतीत ६० ते ७० सेंटिमीटर) आणि तेवढ्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्या. सगळे रंग पिवळट, मळकट दिसू लागले असतील तर मोतीबिंदूची तपासणी करा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना मोतीबिंदूमुळे रंग नीट दिसेनासे झाले होते. १९२३ मध्ये, ८२ व्या वर्षी, त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरही ते रंगवत राहिले.

पहिले दोन महिने: फक्त पेन्सिल

या काळात रंग विकत घेऊ नका. एक ए४ आकाराची साधी वही, २बी आणि ६बी अशा दोन पेन्सिली, एक मऊ खोडरबर. एवढंच. व्यवसाय केलेल्या माणसाच्या हातात पैसे असतात आणि 'काम सुरू करायचं तर यंत्रसामग्री आधी हवी' हे डोक्यात बसलेलं असतं. ओळखीच्या एका गृहस्थांनी निवृत्त होताच मोठा ईझल (चित्र उभं ठेवायची लाकडी घोडी) आणि रंगांचा भलामोठा संच आणला. इतक्या महाग सामानावर वाईट चित्र काढायचं धाडसच त्यांना होईना. आणि सुरुवातीला तर वाईट चित्रंच काढायची असतात.

पहिला सराव बाह्यरेषेचा. स्वतःचा डावा हात समोर ठेवा (डावखुरे असाल तर उजवा), कागदाकडे न बघता नजर हाताच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवा आणि त्याच वेगाने पेन्सिल चालवा. पाच मिनिटांनी कागदावर ओळखू न येणारं काहीतरी असेल. ते तसंच हवं. पेन्सिल आणि नजर एकत्र चालायला लागावीत एवढ्यासाठीच हा सराव आहे. तीन आठवडे रोज दोन रेखाटनं असं केलं की रेषेतला फरक तुम्हालाच दिसेल: आधीची रेषा गुळगुळीत आणि खोटी असते, नंतरची अडखळत जाते पण प्रत्येक सुरकुतीशी थांबते.

दुसरा सराव मोकळ्या जागेचा. खुर्ची काढायची, पण खुर्ची न काढता. पायांच्या मधल्या, पाठीच्या दांड्यांमधल्या पोकळ्यांचे आकार काढायचे. पोकळीला नाव नसतं, त्यामुळे मेंदूला निकाल लावायला काही सापडत नाही आणि तो मुकाट्याने बघतो. मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. कुठलंही रेखाटन बिघडतंय असं वाटलं की आजही मी वस्तू सोडते आणि तिच्या आजूबाजूची जागा तपासते.

मग मोजमाप. हात पूर्ण ताणा, कोपर वाकू देऊ नका, एक डोळा मिटा, आणि पेन्सिल उभी धरून तिच्यावर अंगठ्याने वस्तूची उंची पकडा. त्याच मापात रुंदी किती वेळा बसते ते बघा. कोपर वाकलं की माप बदललं, म्हणून ताणलेला हात ही अट आहे. कोन मोजताना पेन्सिल त्या कडेच्या तिरकेपणाशी जुळवा आणि तीच दिशा तशीच कागदावर आणा. माझं खोकं सुटलं ते या पद्धतीने. इथे व्यवसायातली काटेकोर मोजणी कामी येते, फक्त डोक्यातलं माप बाजूला ठेवून डोळ्यासमोरचं माप घ्यायचं.

गडद आणि उजळ

चित्रात वस्तू ठोस दिसते ती छटांच्या फरकामुळे. रंग त्यानंतर येतो. लिंबू निळं रंगवलं तरी त्याच्या उजेड-सावलीच्या छटा बरोबर असतील तर ते गोल दिसतं. छटा चुकल्या तर अगदी हुबेहूब पिवळा रंग लावूनही ते सपाट राहतं. म्हणून किमान एक महिना एकरंगी काम करा.

आधी पेन्सिलीने पाच चौकोनांची पट्टी बनवा: कागदाचा पांढरा, शक्य तितका काळा आणि मधल्या तीन पायऱ्या. मधल्या पायऱ्या सारख्या अंतराच्या व्हायला चार-पाच प्रयत्न लागतात. मग पांढऱ्या कागदावर एक अंडं ठेवा आणि एकाच बाजूने दिवा लावा. डोळे किलकिले करून बघा. बारकावे पुसले जातात आणि मोठे गट उरतात: उजेडाची बाजू, अंगची सावली, टेबलावर पडलेली सावली. अंडं पांढरं आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण सावलीतला त्याचा भाग उजेडातल्या काळ्या वस्तूइतकाही गडद असू शकतो. सावलीच्या खालच्या कडेला पुन्हा थोडा उजेड दिसेल. तो टेबलावरून उसळून आलेला असतो. नवखे लोक तो पाहून हरखतात आणि हमखास जास्त उजळ करतात. नियम साधा आहे: एकाच रंगाच्या वस्तूवर सावलीतला सगळ्यात उजळ भागही उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच असतो.

फोनचा एवढा एक उपयोग करून घ्या. रेखाटन झाल्यावर त्याचा आणि समोरच्या वस्तूचा एकत्र फोटो काढा आणि कृष्णधवल करून शेजारी शेजारी बघा. चूक कुठे आहे ते कुणी सांगावं लागत नाही.

माध्यम कुठलं?

जलरंग स्वस्त आणि सुटसुटीत दिसतात म्हणून बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. पण जलरंगांत उजेड म्हणजे मोकळा सोडलेला कागद. तो एकदा झाकला की परत मिळवणं कठीण. शिवाय वाळल्यावर रंग फिका होतो. म्हणजे आधीच अंदाज बांधावा लागतो आणि चूक झाकता येत नाही. तैलरंग सावकाश वाळतात, दुरुस्तीला भरपूर वाव देतात, पण टर्पेंटाइनसारख्या द्रावकांसाठी हवा खेळती लागते. अळशीच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्या पसरून वाळवाव्या लागतात किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवाव्या लागतात. ॲक्रिलिक पाण्यात मिसळतं, काही मिनिटांत वाळतं आणि चुकलेल्या भागावर पुन्हा रंगवू देतं. वाळल्यावर ते किंचित गडद होतं एवढं लक्षात ठेवायचं, आणि ब्रश रंगासह वाळू द्यायचा नाही, नाहीतर तो गेलाच.

माझा सल्ला ॲक्रिलिकचा आहे, निदान पहिलं वर्ष. जलरंगच आवडत असतील तर कागदावर कंजुषी करू नका: ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), शक्यतो पूर्ण सुती कागद घ्या. छपाईचा पातळ कागद ओला झाला की वळतो आणि दोष आपल्या हाताचा वाटतो.

रंग पाचच घ्या. टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि क्विनाक्रिडोन रोझ. ट्यूबवर रंगद्रव्याचे सांकेतिक क्रमांक छापलेले असतात. पीबी२९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीव्ही१९ म्हणजे क्विनाक्रिडोन. नावं कंपनीगणिक बदलतात, क्रमांक बदलत नाहीत, म्हणून क्रमांक वाचून घ्या. जुना अलिझरीन क्रिमझन (पीआर८३) उजेडात उडतो, तो टाळा. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग पोटात जाऊ नयेत, तेव्हा ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय लावूच नका. काळा रंग मुद्दाम यादीत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की जवळजवळ काळा तयार होतो, आणि त्यात निळा किंवा तपकिरी कमीजास्त करून थंड आणि उबदार करडे रंग मिळतात.

रंग आणल्यावर लगेच चित्र नको. दोन-दोन रंगांच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीची पाच मिश्रणं, आणि प्रत्येक मिश्रणात पांढरा घालून तीन पायऱ्या. आठवडाभर हा तक्ता करत बसा आणि मग तो भिंतीवर लावा. वर्षभर त्याच्याकडे बघावं लागतं.

पहिलं पूर्ण चित्र

दोन वस्तू घ्या, एक कोपऱ्यांची आणि एक गोल. समजा खोकं आणि पेला. पार्श्वभूमीला एकच सपाट कापड. दिवा एका बाजूने.

आधी वहीत काडेपेटीएवढी तीन-चार टिपणं करा, प्रत्येकात फक्त तीन छटा: उजळ, मधली, गडद. वस्तू कुठे बसवायच्या ते इथेच ठरतं. मोठ्या कॅनव्हासवर ठरवायला गेलात तर पुढे सगळं सरकवत बसावं लागतं. यातलं सगळ्यात सरळ वाटेल ते टिपण निवडा. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या आसपासच्या कॅनव्हासवर आधी बर्न्ट सिएनाचा पातळ हात द्या. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडद भासतो आणि अंदाज चुकतो, या मधल्या छटेवर तो चुकत नाही. ते वाळलं की पातळ रंगाने ब्रशनेच मांडणी काढा.

आता मोठा, चपटा ब्रश घ्या आणि सावलीचे सगळे भाग आधी भरा, मग उजेडाचे. पहिल्या अर्ध्या तासात कॅनव्हासचा एकही कोपरा कोरा राहू देऊ नका. शेजारी रंग नसेल तर कुठलाच रंग बरोबर की चूक हे कळत नाही. लहान ब्रशला हात लावायचा मोह इथेच होतो. पेल्याच्या कडेवरची चमक खुणावत असते. तिला शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत थांबवा.

दर २० मिनिटांनी उठा, चार पावलं मागे जा. एक आरसा जवळ ठेवा आणि त्यात चित्र उलटं बघा. कललेला पेला तिथे ताबडतोब पकडला जातो. कडांकडे लक्ष द्या. सगळ्या कडा सारख्याच धारदार केल्या तर वस्तू कातरून चिकटवल्यासारख्या दिसतात. सावलीत वस्तू आणि पार्श्वभूमी जिथे एक होतात तिथे कड विरघळू द्या.

थांबायचं कधी? दोन फटकारे मारले आणि काहीच सुधारलं नाही की. ब्रश धुवा, चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, तीन दिवसांनी बघा.

हात, कंबर, खांदे

थरथर असेल तर मनगटाऐवजी खांद्यातून हात हलवा आणि मोठ्या आकारावर काम करा. बारीक कामासाठी टोकाला कापडी गोळा बांधलेली काठी कॅनव्हासवर आडवी टेकवून तिच्यावर मनगट ठेवा. चित्रकार हे शतकानुशतकं करत आले आहेत. बोटं आखडत असतील तर ब्रशच्या दांड्यावर फोम गुंडाळून तो जाड करा. सांधेदुखीमुळे अमेरिकेतल्या ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस ('ग्रँडमा मोझेस') यांना भरतकाम सोडावं लागलं आणि सत्तरीच्या उत्तरार्धात त्या चित्रांकडे वळल्या. त्या १०१ वर्षं जगल्या आणि शेवटच्या काळापर्यंत रंगवत होत्या.

शिक्षक, दाखवणं, विकणं

शिक्षक हवेत, पण तुम्हाला आवडतील अशी चित्रं काढणारेच हवेत असं नाही. समोर वस्तू ठेवून शिकवतात का, आणि तुमच्या कागदावर स्वतः हात न मारता चूक दाखवतात का, एवढं बघा. वर्गात बहुतेक जण वयाने लहान असतील आणि शिक्षकही. वर्षानुवर्षं सूचना देण्याची सवय झालेल्या माणसाला सूचना ऐकणं जड जातं. मला गेलं. शिक्षक बोलताना मी प्रत्येक वाक्याला कारण देत होते. मग त्यांचं म्हणणं वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला लागले आणि उत्तर द्यायचं बंद केलं. त्या पानांवर एकच चूक आठ वेगवेगळ्या तारखांना लिहिलेली सापडली, तेव्हा ती सुधारली.

घरच्यांचं कौतुक घ्या, पण त्यावरून काही ठरवू नका. विक्रीचा विचार निदान पहिली १०० चित्रं होईपर्यंत बाजूला ठेवा. व्यवसायाचं मन फार लवकर विचारायला लागतं की कुठली चित्रं खपतात, आणि मग तुम्ही तेच काढू लागता. माझं एक फुलांचं चित्र एका परिचितांनी मागून घेतलं, त्यानंतर चार महिने मी फुलंच काढत होते आणि त्या चार महिन्यांत काही शिकले नाही.

नोंद मात्र धंद्यासारखी ठेवा. प्रत्येक चित्रामागे तारीख, वापरलेले रंग, लागलेला वेळ आणि एक ओळ: काय जमलं नाही. महिन्याच्या शेवटी या ओळी सलग वाचल्या की पुढच्या महिन्याचा सराव ठरतो.

आणि पहिलं रेखाटन फाडू नका. ज्या वस्तूने पहिल्या दिवशी हरवलं ती वस्तू जपून ठेवा आणि दरवर्षी त्याच तारखेला पुन्हा काढा, आधीचं रेखाटन न बघता. माझं खोकं कपाटावर असतं. चार पावसाळ्यांत त्याचा पुठ्ठा दमटला आहे, एक झाकण आत झुकलंय, एक कोपरा दबलाय. मागच्या वर्षीचे कोन यंदा चालत नाहीत. हात ताणून, एक डोळा मिटून, पुन्हा पहिल्या कडेपासून मोजत यावं लागतं.